मदत हवी आहे: पीसीओडी असताना हनुवटीचं लेझर कोणी केलंय का?

मैत्रिणींनो, ज्यांना स्वतःचा अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा. माझ्या धाकट्या बहिणीला पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास) आहे, हनुवटीवर आणि गळ्यावर जाड काळे केस येतात, थ्रेडिंग करून करून तिथली कातडी काळवंडलीये, केस आतच वळून पुटकुळ्या येतात, कॉलेजात सतत ओढणी वर ओढून बसते, बघवत नाही हो. रंग सावळा आहे. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या सावळ्या त्वचेला एनडी-याग प्रकारचा लेझर (१०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा) जास्त सेफ, डायोड प्रकारचा लेझरपण चालतो पण सेटिंग जपून लावावं लागतं नाहीतर भाजून डाग पडतात. दर ४ ते ६ आठवड्यांनी सिटिंग, मधे थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद, फक्त रेझर. हे ऐकून आई जाम घाबरलीये, रेझरने केस राठ होतील म्हणते (रेझरने तसं होत नाही, पण तिला पटत नाहीये). जवळच्या एका पार्लरवाल्या हेच निम्म्या पैशात करतो म्हणतात पण मशीन कुठलं विचारलं तर सांगता येईना, तिथे मी तिला नाहीच पाठवणार.

किती सिटिंगनंतर फरक दिसला? हार्मोन्सच्या गोळ्या सोबत चालू होत्या का, आणि नंतर मेंटेनन्सला किती वेळा जावं लागतं? पुण्यात कोथरूड-कर्वेनगर बाजूला कोणी चांगल्या डॉक्टर माहीत असतील तर मेसेज करा प्लीज.