विमानाचे फोटो गॅलरीतून परत येतात, काय सुधारू? (बजेट ३ हजार)

गच्चीवरून (छ. संभाजीनगर)
नमस्कार मंडळी. चिकलठाणा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे फोटो दोन वर्षांपासून काढतोय. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५० मिमी (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं). विमानांच्या फोटोंची एक मोठी ऑनलाइन गॅलरी आहे, तिथे आजवर ११ फोटो पाठवले आणि अकराही परत आले. आधी ‘सॉफ्ट’, म्हणजे कडा धूसर, म्हणून. मग सॉफ्टवेअरनं कडा ठळक करून (शार्प करून) पाठवला तर ‘ओव्हरशार्प’, म्हणजे जास्तच ठळक. एकदा होरायझन (क्षितिज) तिरका, दोनदा डस्ट, म्हणजे धुळीचे डाग. शेवटचा इंडिगोच्या एअरबस ए३२० विमानाचा, याच आठवड्यात दुपारी दीडला काढलेला. त्याच्यावर तीन रात्री बसलो होतो. बजेट ३ हजार. नवी लेन्स त्यात बसत नाही हे माहीत आहे, आहे त्यात काय करता येईल ते सांगा.

लातूर_लेन्स
५५-२५० वर आता आणखी वेळ घालवू नका. मी सिग्मा १५०-६०० सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच महिन्यात माझे ४ फोटो गॅलरीत लागले. आधीच्या लेन्सवर दीड वर्षात एकही लागला नव्हता. हप्त्यावर मिळते.

नांदेडची_नजर
दादा, लेन्सच्या पुढं यूव्ही फिल्टर लावलाय का? मी लावला होता, साडेसहाशेचा. दुकानदार म्हणला काच वाचते. सहा महिने सगळे फोटो सॉफ्टच यायलेत, मी आपला कॅमेऱ्याला दोष द्यायलो. एक दिवस फिल्टर काढून तेच विमान, तीच जागा. शेपटीजवळचा विमानाचा नोंदणी क्रमांक, व्हीटी आन् पुढची अक्षरं, एकदम कापल्यासारखी आली. आधी ते काढा, मंग लेन्सचं बघू.

गच्चीवरून
लावलाय. कॅमेरा घेतल्यापासून तोच आहे. आज काढतो.

काळी_माती (परभणी)
फोटो कुठून काढता ते आधी सांगा. आणि परवानगी आहे का? विमानतळाच्या आवारात लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई आहे, एअरक्राफ्ट रूल्स १९३७, नियम १३. माझ्या पुतण्याचं मेमरी कार्ड कुंपणाजवळ तपासलं होतं, दोन तास बसवून ठेवलं. तुमचे फोटो सुधारतील तेव्हा सुधारतील, आधी उभं कुठं राहायचं ते ठरवा.

गच्चीवरून
आवारात जात नाही. जालना रोडच्या बाजूला मावशीचं घर आहे, तिच्या गच्चीवरून काढतो. कुंपणापासून बरीच लांब आहे.

मोजणीदार
मी ३१ वर्षं जमिनीची मोजणी केली, म्हणून होरायझनबद्दल बोलतो. फोटो सरळ करताना बहुतेक जण कुंपणाची किंवा धावपट्टीची रेघ धरतात. ती धरू नका. धावपट्टीला स्वतःचा उतार असतो आणि कुंपण जमिनीबरोबर चढतं-उतरतं. फोटोच्या मध्याजवळची उभी वस्तू शोधा, दिव्याचा खांब किंवा कंट्रोल टॉवर. ती उभी झाली की फोटो सरळ. कडेचा खांब घेऊ नका, लेन्समुळे तो जरासा कलतो.

लातूर_लेन्स
होरायझन एका मिनिटात सरळ होतो हो. मूळ अडचण लेन्सच आहे. २५० वर विमान लहान येतं, मग क्रॉप करावं लागतं आणि क्रॉप केलं की सॉफ्ट. १५०-६०० नको तर १००-४०० बघा.

शिशिरातली_सकाळ (छ. संभाजीनगर)
लेन्सपेक्षा मोठी गोष्ट कोणीच बोललं नाही. मेमध्ये दुपारी दीडला काढलेला फोटो! त्यात जे सॉफ्ट दिसतंय ती तापलेली हवा आहे, हीट हेझ. ओळखायची खूण सांगते. फोटो पूर्ण आकारात उघडा आणि खिडक्यांची रांग नाकापासून शेपटीपर्यंत नजरेनं चालत जा. सरळ रांग मधेच लाटेसारखी वाकलेली दिसली की तो फोटो सोडून द्या. कोणतंही सॉफ्टवेअर ती रेघ सरळ करू शकत नाही. उलट तुम्ही शार्प करत गेलात तर लाटाच ठळक होतात, म्हणून आधी ‘सॉफ्ट’ आणि मग ‘ओव्हरशार्प’. आणि हे मोठ्या लेन्सनंही जात नाही. अंतर जितकं जास्त तितकी मधली हवा जास्त, ६०० ची लेन्स घेऊन लांबून काढाल तर हेझसुद्धा मोठा होऊन येईल. माझे पहिले ९ फोटो याच एका कारणानं गेले. तेव्हापासून मार्च ते जून मी सकाळी आठच्या आतच काढते.

राहिला प्रश्न उजेडाचा. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे उत्तरेच्या जालना रोडकडून तुम्हाला विमानाची सावलीतली बाजू मिळते. दक्षिणेला बीड बायपासच्या अंगाला जा.

मोजणीदार
ताईंचं हेझचं म्हणणं सोळा आणे खरं. दुर्बिणीतून मोजणी करताना आम्ही हे रोज पाहायचो, दुपारी पट्टीवरचे आकडे नाचायचे. मात्र सूर्याबाबत थोडी दुरुस्ती. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस १९-२० मेच्या सुमारास असतो. त्यानंतर साधारण दोन महिने सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. म्हणजे या दिवसांत सकाळी उजेड जालना रोडच्याच बाजूनं येतो.

शिशिरातली_सकाळ
पण तो इतका तिरपा असतो की विमानाच्या अंगाला घासून जातो. शिवाय जूनमध्ये ढग. मी तरी बायपासच म्हणेन.

काळी_माती
बायपासकडून चाला, पण धावपट्टीच्या टोकाला, रस्त्यावर कधीही उभं राहू नका. २६ एप्रिल १९९३ ला इथून उडालेलं बोइंग ७३७ रस्त्यावरच्या कापसाच्या गठाणींच्या ट्रकला धडकलं होतं. ५५ माणसं गेली. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या गावातून कापसाचे ट्रक जायचे, त्यामुळे ती बातमी अजून डोळ्यांसमोर आहे.

नांदेडची_नजर
बायपास कामून? आमच्या नांदेडला या. स्टार एअरचं एम्ब्रेअर, छोटं जेट विमान, येतं. ए३२० चे फोटो गॅलरीत ढिगानं पडलेत, एम्ब्रेअर कमी हायेत. माझा पहिला लागलेला फोटो त्याचाच.

एटीआर_प्रेमी
डस्टबद्दल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. फोटोशॉपमध्ये इक्वलाइझ नावाची आज्ञा मारून बघा, रंग भयानक होतात पण आकाशातला एकूणएक डाग काळा होऊन वर येतो. डाग पुसा, इक्वलाइझ रद्द करा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करत एफ/११ च्या पुढे गेलात की सेन्सरवरची धूळ उठून दिसते, एफ/८ वर थांबा. साधा रबरी ब्लोअर घ्या, तोंडानं फुंकू नका. मी फुंकलं, थुंकीचा डाग सेन्सरवर बसला आणि साफ करायला १४०० गेले.

आणि एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान, काढताना शटर १/१००० सेकंद ठेवाल तर पंखा गोठतो आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. १/२०० च्या आसपास या. दहातले आठ हलतील, दोन सोन्यासारखे येतील.

शिशिरातली_सकाळ
शार्प करायचा क्रमही लिहून ठेवते. आधी क्रॉप, मग आकार लहान, शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि तेही फक्त विमानावर, आकाशावर नको. शेपटीच्या कडेला पांढरी रेघ उमटली की एक पायरी मागे या. गिंप हे फोटोचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं.

लातूर_लेन्स
१००-४०० वर इतकं शार्प करावंच लागत नाही.

गच्चीवरून
सगळ्यांचे आभार. आज सकाळी फिल्टर काढला आणि साडेसहाला गच्चीवर गेलो. त्याआधी ते अकरा फोटो पुन्हा उघडले, सातांत खिडक्यांची रांग वाकलेली आहे. ते सात पुसून टाकले. त्यातल्या तीन रात्रींच्या ए३२० चं वाईट वाटलं, पण रांग नाकाजवळच दोनदा मोडलेली होती.

लेन्स घेत नाही. बायपासला आणि नांदेडलाही इतक्यात जाणार नाही. गच्चीच ठेवणार. मावशीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, मी वर गेलो की तिची तुळस आणि मोगरा पाणी पितात, आणि विमान येईपर्यंत ती खालून विचारत राहते, आलं का रे. मोजणीदार काकांच्या हिशेबानं सप्टेंबरपर्यंत सकाळचा उजेड माझ्या बाजूला आहे, तेवढे महिने मला पुरतील. ३ हजारातून ब्लोअर आणि एक जुनी तिपाई (ट्रायपॉड) घेतोय.

काका, गच्चीवरून कंट्रोल टॉवर फोटोच्या अगदी उजव्या कडेला येतो. मधे फक्त एक निलगिरी आहे. ती धरली तर चालेल का?

मोजणीदार
झाड धरू नका, झाडं वाऱ्यानं कलतात. टॉवर मध्यावर घेऊन एक वेगळा फोटो काढा आणि तो किती अंश फिरवावा लागतो ते पाहा. तिपाईचा माथा समतल करून कॅमेरा तसाच घट्ट ठेवून फक्त आडवा फिरवलात, तर विमानाचे फोटो तेवढेच फिरवायचे.