चाकं विसरलेला वैमानिक: दोष कुणाचा?

घाटावरचा
परवा जेवताना मेहुण्याशी वाजलं, तेच इथे टाकतो. विमान उतरवताना चाकं खाली घ्यायची राहिली, तर तो वैमानिक पुन्हा कॉकपिटात बसता कामा नये. चौकशी वगैरे करा, पण लायसन्स आधी काढून घ्या. एसटीचा ड्रायव्हर कसारा घाट उतरल्यावर "ब्रेक मारायचं विसरलो" म्हणाला, तर डेपोत कुणी ऐकून घेईल का?

२२ मे २०२०, कराची. लाहोरहून आलेलं पीआयएचं (पाकिस्तानची सरकारी विमान कंपनी) एअरबस ए-३२० चाकं वर असतानाच धावपट्टीवर टेकलं. दोन्ही इंजिनं घासली, वैमानिकांनी तसंच परत उचललं, थोड्या वेळात इंजिनं बंद पडली आणि विमान वस्तीवर कोसळलं. आतल्या ९९ पैकी ९७ जण गेले. कॅप्टनला १७,००० तासांचा अनुभव होता. धोक्याचे भोंगे वाजत होते. यंत्राने आणखी काय करायचं, कान पिळायचा?

मीरा_जो
असहमत. मुळात कराचीत कुणी विसरलंच नव्हतं! चाकं ७,००० फुटांच्या वरच खाली आली होती. धावपट्टी जेमतेम पाच नॉटिकल मैल राहिली असताना ती परत वर घेतली गेली. विमान फार उंच आणि फार वेगात येत होतं. अशा घाईत माणूस काय करतो हे 'निष्काळजी' या एका शब्दात कसं बसवणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं उतरल्यावर पोटावर बसायची. वैमानिकांना फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) आवरायचे असायचे आणि आवरली जायची चाकं. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्हीचे खटके शेजारी शेजारी आणि एकसारखे. त्याने चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ लावली, फ्लॅपच्या खटक्याला फ्लॅपसारखी. न बघता नुसत्या हाताला कळावं म्हणून. मोठ्या प्रवासी विमानांत आजही चाकांच्या दांड्याची मूठ गोल असते. त्या वैमानिकांना घरी बसवलं असतं, तर पुढच्यांनीही तेच केलं असतं.

तिरपागडा
मीराताई, बी-१७ मान्य. पण तिथे हात चुकत होता. सगळं नीट दिसत असून, ऐकू येत असून पुढे रेटणं हा वेगळा रोग आहे, त्याला मूठ पुरत नाही.

ह्यूस्टन, फेब्रुवारी १९९६. कॉन्टिनेन्टल या अमेरिकन कंपनीचं डीसी-९ प्रवासी विमान. दांडा खाली केलेला होता बरं का! पण चाकं-फ्लॅप तेलाच्या दाबाने हलवणारे हायड्रॉलिक पंप कमी दाबावरच राहिले होते, त्यामुळे ना फ्लॅप आले ना चाकं. भोंगा वाजतोय, को-पायलट म्हणतोय परत वर जाऊ, कॅप्टन ऐकत नाही. पोटावर उतरले. कुणी मेलं नाही हे नशीब. आता यात दांड्याचा काय दोष?

मीरा_जो
दांड्याचा नाही, पण "कॅप्टन म्हणेल ती पूर्व" या सवयीचा आहे की! तीही बदलता येते. को-पायलटने "वर जा" म्हटलं की चर्चा न करता वर जायचं, असा नियम करता येतो. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने गेलं.

पंखेवाला
(मी विमानाच्या देखभालीत होतो, आता निवृत्त.) भोंग्याबद्दल एक. शिकाऊ विमानात सराव करताना पॉवर कमी केली की चाकांचा भोंगा उगाच वाजतो. महिनाभर तो ऐकला की कान त्याला घरातल्या मिक्सरसारखा मानतो.

आणि उलटंही होतं. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२० ची चाकं वर घ्यायचीच राहिली. विमान वेग घेईना, वर चढेना, इंधन मात्र भराभर संपतंय. शेवटी नागपूरला उतरवलं. दोन्ही वैमानिक बायका होत्या, त्यांना लगेच ड्युटीवरून काढलं. घाटावरचेसाहेब, तुमच्या मनासारखं झालं. पण इतका वेळ त्या खडखडाटात बसून दोघींपैकी एकीलाही शंका कशी आली नाही, हे काढून टाकल्याने कळतं का?

घाटावरचा
मिक्सर पटला. बाकी नाही.

मीरा_जो
मग हेही घ्या. कराचीत इंजिनं घासताना टॉवरमधून दिसलं होतं. त्यांनी अप्रोच कंट्रोलला (उतरायला येणाऱ्या विमानांशी बोलणारा कक्ष) कळवलं. विमानाला कुणीच सांगितलं नाही.

घाटावरचा
हे माहीत नव्हतं. म्हणजे माझी लायसन्स काढून घ्यायची यादी कमी नाही झाली, उलट दोन नावांनी वाढली. मेहुण्याला आज रात्रीच सांगतो.