आधी तारीख बघा की!

दादा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्रीवर बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज टाकला, आता सगळं संपलं म्हणताय. आधी अर्जात थकबाकीची तारीख कुठली दाखवलीय ते बघा. हप्ता २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ मध्ये चुकला असेल, तर दिवाळखोरी कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे त्यावर असा अर्ज कधीच चालत नाही. खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झाल्याचा दिवस वेगळा, हप्ता चुकल्याचा वेगळा. वकिलाला तिथंच बोट ठेवायला सांगा. थकबाकी त्याआधीची असेल तर अर्ज करायची ३ वर्षांची मुदत बघा, पण त्या मुदतीतच ताळेबंदात कर्ज कबूल केलेलं असेल तर ती नव्यानं मोजतात. (आम्हाला आमचा ताळेबंदच नडला.) थकीत रक्कम १ कोटीच्या आत असली तर अर्जच बसत नाही. बेंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणातली (एनसीएलटी) सुनावणीची तारीख मात्र चुकवू नका.