संधी ढीगभर, तास शून्य: जागतिक शिक्षणाचे प्रशिक्षण शिक्षकाने कोणाच्या वेळेत घ्यायचे?

मधली सुट्टी (धागाकर्ता)

दोन दिवसांपूर्वी येथे एका सदस्याने लिहिले होते की जागतिक शिक्षणाचे, म्हणजे जगाचे प्रश्न इतर देशांतील वर्गांशी जोडून घेत शिकवण्याचे प्रशिक्षण आज प्रत्येक शिक्षकाच्या फोनवर मोफत उपलब्ध आहे आणि तरीही जो मागे राहतो त्याच्याकडे आळसाखेरीज दुसरे कारण नाही. त्या लेखनाला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही. प्रतिसादाच्या चौकटीत मावणार नाही एवढे लिहायचे असल्याने हा स्वतंत्र धागा काढत आहे.

संधी आहेत, हे मी नाकारत नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्को येथील शाळा जोडून सुरू झालेले आयअर्न हे शाळांचे जाळे आहे, युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सुरू केलेला ई-ट्विनिंग हा शाळा जोडण्याचा उपक्रम आहे, १९४६ पासूनच्या अमेरिकेच्या फुलब्राइट देवाणघेवाण कार्यक्रमात शिक्षकांसाठी स्वतंत्र शाखा आहेत आणि विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची तर गणतीच नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की या सगळ्याला लागणारा वेळ शिक्षकाच्या कोणत्या खात्यातून वजा होतो. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या टॅलिस या शिक्षकांच्या सर्वेक्षणात सदस्य देशांतील सरासरी ५४ टक्के शिक्षकांनी प्रशिक्षणाच्या आड कामाचे वेळापत्रक येत असल्याची अडचण सांगितली आणि ४८ टक्क्यांनी प्रशिक्षण घेण्यासाठी कोणतेही प्रोत्साहन मिळत नसल्याची तक्रार केली. इतके शिक्षक इतक्या देशांत एकाच वेळी आळशी झाले असतील, तर त्या साथीवर वैद्यकीय उपायच शोधावे लागतील.

त्यातही जागतिक शिक्षणाचे काम अधिक वेळखाऊ आहे. भूमिती शिकवण्याची नवी पद्धत शिकलेला शिक्षक ती दुसऱ्या दिवशी एकट्याने वापरून पाहू शकतो. परदेशातील वर्गाबरोबर पाण्याच्या वापरावर एक संयुक्त प्रकल्प करायचा म्हटला, तर आधी समविचारी शिक्षक शोधावा लागतो, मग दोन्हीकडच्या परीक्षा आणि सुट्ट्या जुळवाव्या लागतात, दोन्ही अभ्यासक्रमांत तो विषय कोठे बसतो हे पाहावे लागते, आणि हे सगळे जमले तरी एका वर्गाची सकाळ ही दुसऱ्या वर्गाची मध्यरात्र असू शकते. सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाला १०० तासांपर्यंत प्रशिक्षणाचा हक्क आहे. जेथे असा हक्क नाही, तेथे संधींची यादी ही केवळ जाहिरात असते.

उत्तरध्रुव

‘एका सदस्याने’ असा मोघम उल्लेख केल्याबद्दल आभार. नाव घेतले असते तरी मला वाईट वाटले नसते.

मी ठामपणे असहमत आहे. मी जे काही शिकलो ते रात्री, घरचे झोपल्यावर शिकलो. मला कोणी रजा दिली नाही, तासिका कमी केल्या नाहीत आणि कौतुकही केले नाही. उलट ‘यातून परीक्षेच्या निकालात काय फरक पडणार?’ हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकावा लागला की शेवटी मी उत्तर देणे सोडून दिले. तरीही माझ्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या खंडातील मुलांबरोबर वर्षभर हवामानाच्या नोंदी ठेवल्या, त्यांची तुलना केली, आणि आपली नोंद चुकीची का ठरली यावर त्या मुलांशी लेखी वाद घातला. तो वाद वाचताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा कोणत्याही निकालपत्रकाने कधी दिला नाही.

टॅलिसची टक्केवारी शिक्षकांनी स्वतः सांगितलेल्या अडथळ्यांची आहे, हेही धागाकर्त्याने लिहायला हवे होते. अडथळा विचारला की माणूस वेळेचेच नाव घेतो. ‘मला यात रस नाही’ असे सर्वेक्षणाच्या अर्जावर कोण लिहील?

आलेख

दोघांच्याही भावनांचा आदर राखून थोडी आकडेवारी मांडतो. २००७ मध्ये क्वांग सुक यून आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी शिक्षक प्रशिक्षणावरील १,३०० हून अधिक अभ्यास तपासले आणि त्यांतील केवळ नऊ अभ्यास पुराव्याच्या निकषांवर टिकले. त्या नऊ अभ्यासांत सरासरी ४९ तासांचे प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुमारे २१ शतमकांनी, म्हणजे शंभरांत मधोमध असलेला विद्यार्थी साधारण २१ क्रमांक वर जाईल इतकी, उंचावलेली दिसली. हे अभ्यास प्राथमिक स्तरावरील वाचन, गणित आणि विज्ञानाचे आहेत, त्यामुळे जागतिक शिक्षणाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही एका दुपारच्या वेबिनारमधून वर्ग बदलतो, या श्रद्धेला त्यातून बळ मिळत नाही, एवढे नक्की.

फोनवरील मोफत शिक्षणाबद्दलही एक नोंद करतो. एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या एडएक्स या संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांवरचा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केले.

उत्तरध्रुव

अर्धाच आकडा सांगितलात. त्याच अभ्यासात शुल्क भरून पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी नोंदणी करणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याची नोंद आहे. बाकीचे बरेचसे नुसते डोकावायला आलेले असतात. ज्याला शिकायचे असते तो पूर्ण करतो, हेच मी सुरुवातीपासून सांगत आहे.

शाईचा डाग

ज्याला *प्रमाणपत्र हवे असते* तो पूर्ण करतो, असे म्हणा. या ४६ टक्क्यांतच सगळ्या दुखण्याचे मूळ आहे आणि येथे कोणीही त्यावर बोट ठेवायला तयार नाही.

आमच्या शाळेत ‘जागतिक दृष्टी’चे मोजमाप प्रमाणपत्रांच्या फाइलच्या जाडीवर होते. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना एकाच अभ्यासक्रमाला बसवले. एका उत्साही सहकाऱ्याने चाचणीची उत्तरे गटावर टाकली आणि आठवडा संपण्याआधी अख्खी शाळा प्रमाणित झाली. नंतर परदेशातील एका वर्गाबरोबर व्हिडिओ भेट ठरली. मुलांनी हात हलवले, एक गाणे म्हटले, ‘तुम्ही काय खाता?’ हे विचारले आणि भेट संपली. छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्या मुलांचे आमच्या मुलांबद्दल आणि आमच्या मुलांचे त्यांच्याबद्दल जे ठोकळेबाज समज होते, ते भेटीनंतर अधिकच पक्के झाले असावेत असा माझा अंदाज आहे. शिक्षणाच्या अभ्यासक व्हेनेसा आंद्रेओत्ती यांनी २००६ मध्ये ‘सौम्य’ आणि ‘चिकित्सक’ जागतिक नागरिकत्वात जो फरक केला, तो आमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच केला असावा. दया आणि मदत यांवर थांबणारे शिक्षण सौम्य. विषमता कशी निर्माण झाली आणि तिच्यात आपला वाटा काय, असे विचारणारे शिक्षण चिकित्सक. पण दुसऱ्या प्रकारासाठी प्रमाणपत्राचा बॅज मिळत नाही.

नवी नेमणूक

प्रमाणपत्रांची थट्टा करणे कायम नोकरीत असलेल्यांना परवडते. आम्ही दरवर्षी करार नव्याने होईल की नाही या धास्तीत जगतो आणि मुलाखतीत समोरचा माणूस पहिला प्रश्न ‘कोणते कोर्स केलेत?’ हाच विचारतो. मी इंटरनॅशनल बॅकॅलोरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांमध्ये अर्ज केले तेव्हा त्यांच्या कार्यशाळांचा अनुभव आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारले गेले. तो अनुभव शाळेत असल्याशिवाय सहजासहजी मिळत नाही आणि अनुभवाशिवाय शाळा मिळत नाही. अशा वेळी स्वतःच्या खिशातून शुल्क भरून मिळवलेला एक कागदच माझ्या बाजूने बोलतो. सरांनी त्याला ‘दुखणे’ म्हणावे याचा मला राग आला आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

शाईचा डाग

राग माझ्यावर न काढता मुलाखत घेणाऱ्यांवर काढा. तुम्ही कागद मिळवलात म्हणून पुढच्या उमेदवाराला दोन कागद मिळवावे लागतील, त्याच्यानंतरच्याला तीन. ही चढाओढ तुमच्यासारख्यांच्या हिताची आहे असे वाटत असेल, तर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नाही.

नवी नेमणूक

कायमस्वरूपी पगार घेत चढाओढीतून बाहेर पडण्याचा उपदेश करणे फारच सोपे आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही तत्त्वनिष्ठ झाले असते.

खिडकीजवळची

प्रमाणपत्रावरून हमरीतुमरी चालू असताना मूळ प्रश्नाकडे वळण्याचे धाडस करते. मी एका शिक्षक देवाणघेवाण कार्यक्रमात निवडले गेले होते. परदेशातील एका विद्यापीठात आणि तेथील शाळांमध्ये काही आठवडे काढल्यावर माझ्या शिकवण्यात खरोखर बदल झाला. तो व्याख्यानांनी घडवला नाही. एका निर्वासित मुलाला वर्गात सामावून घेताना तेथील शिक्षिका जेथे अडखळत होती, तेथेच मीही अडखळत आले होते, हे समोरासमोर पाहिल्याने तो बदल झाला. आपल्या अडचणी केवळ आपल्याच नाहीत हे कळल्यावर माणूस त्या लपवणे सोडतो.

परतल्यावर मात्र शाळेने माझ्याकडून एक अहवाल आणि परिपाठानंतरचे छोटेसे भाषण मागितले. सहकाऱ्यांबरोबर एखादा पाठ एकत्र आखायला एक तासिका द्या, ही विनंती वेळापत्रकात जागा नसल्याच्या कारणावरून फेटाळली गेली. उत्तरध्रुव सर, येथे आळस नेमका कोणाचा?

शाईचा डाग

ताई, अशा कार्यक्रमांना जागतिक शिक्षण म्हणण्याऐवजी सरळ सहल म्हणावे. निवड होते ती इंग्रजीत फर्डा निबंध लिहिणाऱ्यांची. ज्यांना खरी गरज असते, ते अर्जाच्या पहिल्याच पानावर बाद होतात.

खिडकीजवळची

निवडीबद्दलचा तुमचा आक्षेप मी स्वीकारते. अर्ज लिहिण्याचे कसब आणि शिकवण्याचे कसब वेगळे आहे आणि निवड समित्या पहिल्यालाच गुण देतात. पण ‘सहल’ हा शब्द मागे घ्या. मी रोज तेथील वर्गात उभी होते आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा पाठ लिहीत होते. तुमच्या शाळेतील बनावट चाचणीचा राग तुम्ही जगातल्या प्रत्येक शिक्षकावर काढणार असाल, तर प्रमाणपत्रे गोळा करणारे निदान कोणाचा अपमान तरी करत नाहीत.

शाईचा डाग

शब्द मागे घेतो. निबंधाबद्दलचे मत घेत नाही.

आलेख

उत्तरदायित्वाचा मुद्दा कोणीच मांडला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.७ हे लक्ष्य सर्व विद्यार्थ्यांना जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण मिळावे असे सांगते आणि त्याच्या निर्देशकात धोरण, अभ्यासक्रम व मूल्यमापन यांच्या बरोबरीने शिक्षक-शिक्षणही मोजले जाते. ही माहिती सरकारे स्वतःच युनेस्कोला कळवतात. शिक्षकांनी स्वतः सांगितलेल्या अडथळ्यांवर विश्वास ठेवायचा नसेल, तर सरकारांनी स्वतः सांगितलेल्या प्रगतीवर का ठेवायचा, हे उत्तरध्रुव यांनी सांगावे.

मधली सुट्टी (धागाकर्ता)

प्रमाणपत्रांवर वेगळा धागा निघाला असता तर बरे झाले असते. पण आता जे झाले ते झाले.

खिडकीजवळच्या ताईंनी मागितलेली एक तासिका हाच माझा संपूर्ण मुद्दा आहे. जपानमधील पाठ-अभ्यासाचे उदाहरण घ्या. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे शिक्षकाकडे पाहत न बसता मुले कोठे अडतात ते टिपतात आणि नंतर सगळे मिळून त्यावर चर्चा करतात. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक देशांनी उचलली, आणि माझ्या मते शिक्षकांच्या जागतिक देवाणघेवाणीचे इतके चांगले उदाहरण दुसरे सापडणार नाही. पण ती जपानमध्ये रुजली, कारण तेथे ती शाळेच्या कामाचा भाग आहे. इतरत्र तिची पुस्तिका पोहोचते, कार्यशाळाही होते, पण पाठ पाहायला जाणाऱ्या शिक्षकाचा वर्ग कोण सांभाळणार हे ठरत नाही आणि सगळे तेथेच थांबते. उत्तरध्रुव यांचा हवामानाचा प्रकल्प मला मनापासून आवडला. त्यांची बदली झाली तर तो प्रकल्प शाळेत उरेल का, एवढे त्यांनी सांगावे.

उत्तरध्रुव

बदली झाली. प्रकल्प उरला नाही. माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेला मी सगळ्या फाइली दिल्या होत्या; त्यांना रात्री वेळ नव्हता, कारण त्यांचे मूल लहान होते.

याचा अर्थ मी तुमचे सगळे मान्य केले असा काढू नये. वेळ दिला तरी निम्मे लोक त्या तासिकेत वह्या तपासत बसतील, यावर मी अजूनही ठाम आहे.

मधली सुट्टी (धागाकर्ता)

निम्मे तपासू देत. उरलेल्या निम्म्यांसाठी तासिका मागणाऱ्या अर्जावर तुम्ही सही करणार आहात का, तेवढे कळवा.