विषय: शनिवारचा हॉल आणि ब्युरेट – आजच कळवा

नमस्कार मंडळी,

केमिस्ट्रीवाल्या मुलांचा शनिवारचा वर्ग नेहमीसारखा हॉलमध्येच आहे ना? सरांनी मुलांना सांगितलंय की या वेळी पेपर सोडवायचा नाही, टायट्रेशन करायचं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागलं ते मोजायचं. ब्युरेट (खाली नळ असलेली मापाची लांब काचनळी), स्टँड, पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) सगळं सर आणतायत. आणि आता ईशा म्हणते, हॉलवर रसायनं चालणार नाहीत असा निरोप आलाय. कुणी दिला? केमिस्ट्री ऑलिंपियाडची स्पर्धा तोंडावर आली आहे, आजच्या आज काय ते ठरू दे.

– ईशाची आई

————

निरोप मीच दिला. दाहक आणि ज्वलनशील पदार्थ आणू नयेत असं हॉलच्या करारात स्वच्छ लिहिलंय, आणि कार्पेटचं प्रकरण कुणी विसरलं नसेल अशी आशा आहे. डिपॉझिट सोडवून आणताना काय काय करावं लागलं ते खजिनदारांना विचारा. वर्गाला माझा विरोध नाही. दर शनिवारी खुर्च्या कोण मांडतं? पण हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा आत येणार नाही. आणि असा बदल आधी समितीकडे यायला हवा, पोरांच्या तोंडून कळायला नको.

– हॉल समिती

————

समितीचं समितीपाशी. मला मुळात टायट्रेशनच पटत नाहीये. पहिली फेरी पर्यायी उत्तरांची आहे, तिथे कोण हातात ब्युरेट देणार? मिहिरचं इक्विलिब्रियम (रासायनिक समतोल) कच्चं आहे, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची तर बोंबच आहे. नेर्न्स्टच्या समीकरणात (सेलचं व्होल्टेज काढायचं सूत्र) इलेक्ट्रॉनची संख्या कुठून आणायची हे विचारलं की छताकडे बघतो. सरांचे तास मोजके. त्यात जुने पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावेत, चुकलेले प्रश्न परत सोडवून घ्यावेत. प्रॅक्टिकलचं पुढच्या फेरीत गेल्यावर बघू.

– मिहिरचे बाबा

————

मिहिरच्या बाबांना,

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला लेखी पाच तास आणि प्रॅक्टिकलही पाच तास असतं. शंभरातले चाळीस गुण प्रॅक्टिकलचे. 2001 चं ऑलिंपियाड तर मुंबईतच झालं होतं. पुढच्या फेरीत गेल्यावर एका आठवड्यात हाताला वळण लागतं का?

आमच्या बारावीला सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार ओळखणं, होतं. नायट्रेटची ब्राउन रिंग टेस्ट. शेजारच्या मुलीने नळी तिरकी धरून सल्फ्युरिक ॲसिड इतकं सुरेख कडेकडेने सोडलं की रिंग अगदी रेखल्यासारखी आली. आनंदाच्या भरात तिने नळी हलवून परीक्षकांना दाखवली. रिंग गेली! परीक्षक म्हणाले, मी पाहिली, लिही. ते सगळेच परीक्षक म्हणत नाहीत.

– मावशी (वाचनालयवाल्या)

————

वाद कशाला? ॲसिड नको तर व्हिनेगर घ्या, कॉस्टिक नको तर खायचा सोडा घ्या. दोन्ही घरात असतं. करारही पाळला, वर्गही झाला.

– खजिनदार

————

सर्वांना नमस्कार. थोडं लांबेल.

खायच्या सोड्याने हे टायट्रेशन होणार नाही. बायकार्बोनेटच्या, म्हणजे याच सोड्याच्या, द्रावणाचा पीएच (आम्ल की अल्कली याचं माप, 7 म्हणजे मधोमध) जेमतेम सव्वाआठ, म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन हा इंडिकेटर (रंग बदलून खूण देणारं द्रव्य) जिथे गुलाबी व्हायला लागतं त्या उंबरठ्यावर. शिवाय तयार झालेला कार्बन डायऑक्साइड थोडा पाण्यातच राहतो आणि बायकार्बोनेटबरोबर मिळून बफर होतो. पीएच उडी मारत नाही, रेंगाळतो. एका थेंबाला रंग पालटणं हा टायट्रेशनचा जीव, तोच जातो. फेस मात्र भरपूर येतो.

व्हिनेगरला कॉस्टिक सोडाच लागतो. तिथे एंड पॉइंट (टायट्रेशन पूर्ण होतं ती खूण) पीएच पावणेनऊच्या आसपास, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन. मिथिल ऑरेंज हा दुसरा इंडिकेटर घातला तर निम्मं ॲसिडसुद्धा संपलेलं नसतं, तोवर तो रंग बदलून मोकळा. मिहिरच्या बाबांना जे इक्विलिब्रियम हवंय ते हेच आहे. कोणता इंडिकेटर आणि का, हा पर्यायी उत्तरांतला अगदी नेहमीचा प्रश्न.

समितीचा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही बाजूला ठेवू आणि व्हिटॅमिन सी करू. 500 मिलिग्रॅमची गोळी 250 मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. पिपेटने 25 मिलिलिटर घेतलं की त्यात 50 मिलिग्रॅम आलं. मोलर मास (एका मोलचे ग्रॅम) 176, म्हणजे 0.284 मिलिमोल. आयोडीनशी प्रमाण एकास एक. आयोडीन 0.010 मोलर (लिटरला 0.010 मोल) असेल तर ब्युरेट 28.4 मिलिलिटरच्या आसपास यायला हवी. स्टार्च घातलेलं असतं, एंड पॉइंटला निळा-काळा रंग येऊन टिकतो. द्रावण ताजं हवं, हवेनेही व्हिटॅमिन सी ऑक्सिडाइझ होतं. आयोडीनचं द्रावण मी घरून करून आणेन.

आता हे मुलांच्या हातून का करून घ्यायचं. मागे एकाला तीन वाचनं दिली होती: 27.9, 28.6, 28.1. त्याने सरळ सरासरी काढली. दोन वाचनं 0.1 च्या आत जुळेपर्यंत टायट्रेशन करत राहायचं असतं, हे त्याने वाचलं नव्हतं असं नाही, पण हाताने कधी केलं नव्हतं. ब्युरेटच्या नळाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तर जास्त येईल की कमी? ब्युरेट नुसत्या पाण्याने धुतली आणि आयोडीनने विसळली नाही तर? फनेल वरच राहिलं आणि मध्येच थेंब पडला तर? कोनिकल फ्लास्क पाण्याने ओला असला तर काहीच बिघडत नाही, हे तर बहुतेकांना खरंच वाटत नाही. असे प्रश्न पेपरात येतात. हाताने केलेलं असलं की उत्तर पाठ करावं लागत नाही. आणि आयोडीन गडद असल्याने वाचन मेनिस्कसच्या (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) वरच्या कडेवर घ्यायचं, हे मी फळ्यावर कितीही लिहिलं तरी उपयोग नाही.

एक तास टायट्रेशन, उरलेल्या वेळात नेर्न्स्ट. मिहिरला पुढच्या खुर्चीवर बसवतो.

– सर

————

सर, अर्धा वेळ नेर्न्स्टला असेल तर माझी हरकत नाही. मिहिरला पुढे बसवा म्हणजे बसवाच, मागे बसला की फोन काढतो.

– मिहिरचे बाबा

————

आयोडीनचा डाग पडतो. कार्पेट.

– हॉल समिती

————

पडतो. पण व्हिटॅमिन सीचंच द्रावण ओतलं की जातो, आयोडीनचं आयोडाइड होऊन रंगच उरत नाही. मुलांना हेही दाखवायचं आहे, कार्पेटवर नव्हे. मागची फरशीची खोली दिलीत तर प्रश्नच नाही.

– सर

————

मागची खोली दांडपट्ट्याच्या वर्गाच्या नावावर आहे. शनिवारी त्यांचा वर्ग नसतो हे खरं, पण त्यांना विचारल्याशिवाय मी देऊ शकत नाही. विचारतो. आणि बेसिनमध्ये काही ओतायचं असेल तर आधी सांगा.

– हॉल समिती

————

सर, सोडा तरी ठेवा हो टेबलावर. का जमत नाही ते पोरांना बघू दे. डबा मी आणतो.

– खजिनदार

————

आणा. पीएच पेपर आहे माझ्याकडे.

– सर

————

डिस्टिल्ड वॉटर मी आणते, स्टार्च ईशा सकाळी घरी उकळून ठेवेल. चश्मे ज्याचे त्याने आणायचे, लांब केस बांधून यायचं. दांडपट्टावाल्यांनी हो म्हटलं तर मागच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते कुणीतरी लिहा. मागच्या वेळी सगळे समोरच्या दाराशी उभे होतो.

– ईशाची आई