मदत हवी आहे: 'शिक्षक म्हणून माझी भूमिका' कशी लिहू?
नमस्कार मंडळी, मी देवगडची, बीएडला आहे, 'शिक्षक म्हणून माझी भूमिका' दोन पानांत लिहून द्यायचीय आणि मी अडकलेय. इंटर्नशिपला सहावीतला एक मुलगा मालवणीत म्हणाला, "बाई, माका ह्या येना नाय" (मला हे येत नाही), वर्गशिक्षकांनी लगेच 'शुद्ध बोल' म्हणून दटावलं, मग तो दिवसभर गप्प, नुसता पेन्सिलीचं टोक कुरतडत बसला. आरटीई २००९ मध्ये (शिक्षण हक्क कायद्यात) माराबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, पण ह्याला कुणी त्रास समजतच नाही! माझ्या वर्गात मालवणी चालणार, हे नक्की. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच मुलांकडे नेली, तसं मला करायचंय. पण मालवणीवरून प्रमाण मराठीकडे मुलांना न दुखावता कसं न्यायचं? शिकवणाऱ्यांनी प्लीज स्वतःचे अनुभव सांगा, सोमवारी द्यायचंय.