मदत हवी आहे: नोशेअरसॉक दिलं तरी दोन माउंट एकाच कनेक्शनवर बसतात (सीआयएफएस, कर्नल ५.४)

शिरोलीचा डीएनसीवाला

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर सगळं माझ्याकडंच. आमच्याकडं एक उबंटू २०.०४ चा बॉक्स आहे, कर्नल ५.४, त्याच्यावरनं व्हीएमसी म्हणजे मिलिंग मशीनना प्रोग्राम जातात, यालाच डीएनसी म्हणतात. मोठे प्रोग्राम मशीनच्या मेमरीत मावत नाहीत म्हणून ड्रिप फीड करतो, म्हणजे फाइल थोडी थोडी पाठवत राहतो, तर ती फाइल मध्येच अडली की टूल जॉबवरच थांबतं आणि तिथं खूण पडते. गेल्या महिन्यात दोन जॉब असेच रिजेक्ट झाले, सेटरनं मला बोलावून जॉबवरची खूण हात लावून दाखवली, लई वाईट वाटलं.

या बॉक्सवर एकाच फाइल सर्व्हरचे तीन शेअर (नेटवर्कवरचे फोल्डर) माउंट आहेत म्हणजे जोडलेत, सर्व्हर साधा सांबा (लिनक्सवरचं फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर) आहे, आमच्याच रॅकमध्ये. प्रोग्राम, ड्रॉइंग आणि बॅकअप, तिघांचे युजर वेगवेगळे. संध्याकाळी सहाला सीएमएमचे (मापं तपासणाऱ्या मशीनचे) रिपोर्ट आणि फोटो आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडनं बॅकअपवर जायला लागले की प्रोग्राम फोल्डर नुसतं उघडायलाच आठ-दहा सेकंद लागतात. वाचल्यावर कळलं की लिनक्सचा क्लायंट (कर्नलमधलं शेअर जोडणारं सीआयएफएस मॉड्यूल) एका सर्व्हरला एकच टीसीपी कनेक्शन करतो आणि सगळी सेशन त्याच्यावरच चालवतो, मग मी बॅकअपच्या माउंटला नोशेअरसॉक ऑप्शन दिला, म्हणजे त्याचं कनेक्शन वेगळं होईल.

आता खरा घोळ ऐका. हे कधी चालतंय कधी नाही! पावसात लाईट जाते, यूपीएस संपतो, बॉक्स रीबूट होतो, आणि मग एखाद्या दिवशी सगळं झकास आणि एखाद्या दिवशी परत तेच अडकणं. एसएस कमांडनं बघितलं तर पोर्ट ४४५ वर दोन कनेक्शन दिसतात, म्हणजे ऑप्शन लागू झालाय की. मग प्रोग्राम का अडकतोय? मी प्रोग्रामचा माउंट काढून परत लावून बघितला तर उलट जास्तच बिघडलं, आधी बरा चालणारा पण अडकायला लागला. कर्नलचा कोड थोडा वाचता येतो मला, सी येतं, पण नेमकं कुठं बघायचं ते कळेना झालंय. कुणी वाट दाखवली तर उपकार होतील.

वायर आधी तपास

भावा, आधी स्विच आणि केबल बघ. सर्व्हरची डिस्क पण बघ, एवढ्या फोटो एकदम लिहिताना डिस्कच दमत असेल, मग सगळेच थांबणार. कनेक्शन वेगळं केलं तरी डिस्क तीच राहते ना.

शिरोलीचा डीएनसीवाला

ते बघितलंय दादा. ज्या वेळी आमचा बॉक्स अडकलेला असतो त्याच वेळी ऑफिसातल्या विंडोजच्या पीसीवरनं तेच प्रोग्राम फोल्डर उघडलं तर झटकन उघडतं, तोच स्विच, तीच डिस्क. म्हणून तर माझा संशय बॉक्सवरच आहे.

राजारामपुरी ते पुणे

ही टेस्ट चांगली केलीस, त्यामुळं निम्मं काम झालं. मी मूळची कोल्हापूरचीच, आता पुण्यात स्टोरेजच्या कामात आहे, हा कोड बरीच वर्षं वाचतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लायंटच्या आत तीन मजले आहेत. सगळ्यात खाली टीसीपी कनेक्शन, त्याच्यावर सेशन म्हणजे एका युजरचं लॉगिन, आणि त्याच्यावर ट्री कनेक्ट म्हणजे एक शेअर. एका कनेक्शनवर कितीही सेशन बसू शकतात, प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये सेशनचा आयडी असतो त्यामुळं सर्व्हरला कळतं हे कुणाचं आहे, सहीची किल्ली पण प्रत्येक सेशनची वेगळी असते, त्यामुळं सुरक्षेला धक्का लागत नाही. म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखं, गाडी एक, माणसं वेगवेगळ्या गावची, पण एकाचं पोतं दारात अडकलं की सगळी खोळंबली.

पोतं अडकतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे क्रेडिट. एसएमबी म्हणजे या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, त्याच्या दोन नंबरच्या आवृत्तीपासून पुढं सर्व्हर क्लायंटला क्रेडिट देतो, म्हणजे रिक्वेस्ट पाठवायची परवानगी, एका क्रेडिटमध्ये ६४ केबीपर्यंतची रिक्वेस्ट बसते, म्हणजे १ एमबीचं एक राइट गेलं की १६ क्रेडिट खर्च. आणि ही क्रेडिट कनेक्शनची असतात, सेशनची नाही! आरसिंकनं मोठमोठी राइट ढकलून क्रेडिट संपवली की प्रोग्रामची एवढीशी डिरेक्टरी लिस्टिंगची रिक्वेस्ट पण रांगेत झोपते. दुसरं म्हणजे सॉकेटवर पाठवताना एक म्युटेक्स (कुलूप) धरला जातो, एका वेळी एकच जण पाठवणार, कारण मेसेजचे नंबर ओळीनं जायला पाहिजेत. मोठं राइट सॉकेटमध्ये शिरत असताना बाकीचे त्याच्या मागं उभे.

आता तुझा घोळ. दोन कनेक्शन आहेत एवढंच तू बघितलंस, पण कुठलं शेअर कुठल्या कनेक्शनवर आहे ते बघितलं नाहीस. प्रॉक, एफएस, सीआयएफएस या फोल्डरात डीबगडेटा नावाची फाइल आहे ती कॅट कर, प्रत्येक कनेक्शनखाली त्याचं सेशन आणि शेअरची यादी येते. ती बघ आणि इथं सांग, मला वाटतंय प्रोग्राम बॅकअपच्याच कनेक्शनवर बसलेला असणार.

सांबा सांभाळणारा

सर्व्हर तुमच्याच हातात आहे तर आणखी सोपं. सांबा प्रत्येक टीसीपी कनेक्शनला एक वेगळा एसएमबीडी प्रोसेस काढतो. सर्व्हरवर एसएमबीस्टेटस चालवा, शेअरच्या यादीत प्रत्येकापुढं पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर असतो, प्रोग्राम आणि बॅकअपचा पीआयडी एकच असेल तर दोघं एकाच कनेक्शनवर, वाद नको. विंडोजवाला पीसी झटकन उघडतो कारण त्याचा प्रोसेसच वेगळा आहे.

शिरोलीचा डीएनसीवाला

ताई, एकदम बरोबर! आत्ता बघितलं. दोन कनेक्शन आहेत, एकावर फक्त ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर बॅकअप आणि प्रोग्राम दोघं. सांबावर पण या दोघांचा पीआयडी एकच. पण मग नोशेअरसॉकचा अर्थ काय राहिला? बॅकअपला मी स्पष्ट सांगितलंय की शेअर करू नको म्हणून.

राजारामपुरी ते पुणे

तू बॅकअपला सांगितलंस की "जुन्या कनेक्शनवर बसू नको". पण बॅकअपनं जे नवं कनेक्शन काढलं त्याच्यावर नंतर येणाऱ्यानं बसू नये, हे कुणालाच सांगितलेलं नाही. ५.४ चं मूळ सोर्स काढ, कनेक्ट.सी फाइल, मॅच_सर्व्हर फंक्शन. पहिलीच तपासणी आहे की नव्या माउंटच्या ऑप्शनमध्ये नोशेअरसॉक असेल तर शून्य परत द्या, म्हणजे जुळत नाही. बस, एवढंच. कनेक्शनच्या स्ट्रक्चरमध्ये "मी राखीव आहे" अशी खूणच ठेवलेली नाही.

आणि त्यावर कडी म्हणजे, नवं कनेक्शन यादीत घालताना लिस्ट_अ‍ॅड वापरलंय, म्हणजे ते यादीच्या डोक्यावर जातं, आणि शोधणारा डोक्यापासून शोधतो आणि पहिलं जुळेल ते घेतो. म्हणजे राखीव कनेक्शन जोवर सगळ्यात नवं आहे तोवर प्रत्येक साधा माउंट आधी त्याच्याच अंगावर जाणार, खाली जुनं साधं कनेक्शन मोकळं असलं तरी.

आता तुझे तीन शेअर कुठल्या क्रमानं लागले त्यावर सगळं ठरतं. बॅकअप शेवटी लागला तर ड्रॉइंग आणि प्रोग्राम एकत्र, बॅकअप वेगळा, तो तुझा झकास दिवस. बॅकअप मध्ये लागला तर त्याच्यानंतरचा त्याच्यावर बसतो, दोन कनेक्शन दिसतात आणि आपण फसतो. बॅकअप पहिला लागला तर तिघं एकावरच. आणि बूटला सगळं सुरू करणारा सिस्टिमडी एफएसटॅबमधल्या (माउंटची यादी असलेल्या फाइलमधल्या) ओळी ओळीनं लावत नाही, एकदमच सोडतो, त्यामुळं दर रीबूटला क्रम वेगळा. प्रोग्राम काढून परत लावलास तेव्हा का बिघडलं ते पण यातच आलं: तो सगळ्यात शेवटचा झाला आणि डोक्यावर बसलेलं बॅकअपचं कनेक्शन त्यानं उचललं.

ही चूक मूळ लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्त झालीय, २०२१ च्या शेवटी. आता कनेक्शनवरच नोशेअरसॉकची खूण ठेवतात आणि मॅच_सर्व्हर दोन्ही बाजू तपासतं.

शिरोलीचा डीएनसीवाला

आता डोक्यात उजेड पडला. दोन दिवस मी केबल बदलत बसलो होतो. पण ताई, कर्नल आत्ता बदलता येणार नाही, डीएनसीचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीकडनं घेतलंय ते दुसऱ्या व्हर्जनवर सपोर्ट देत नाहीत, मालक पण दिवाळीच्या सुट्टीआधी हात लावू देणार नाहीत. मॅच_सर्व्हरमध्ये दोन ओळी घालून मॉड्यूल स्वतः बिल्ड करू का? की सर्व्हरला डीएनएसमध्ये दुसरं नाव देऊन बॅकअप त्या नावानं माउंट करू?

वायर आधी तपास

मल्टिचॅनेल का नाही करत? एकाच्या ऐवजी चार कनेक्शन होतील, प्रश्नच मिटला.

राजारामपुरी ते पुणे

मल्टिचॅनेल उलट दिशेचं काम आहे दादा, त्यात एकाच सेशनला जास्त कनेक्शन मिळतात, इथं दोन सेशनना एकमेकांपासून वेगळं करायचंय. आणि लिनक्स क्लायंटमध्ये ते ५.५ पासून आलं, याच्याकडं ५.४ आहे.

दुसऱ्या नावाचा उपयोग नाही, या व्हर्जनमध्ये आयपी जुळवून बघतात, नाव वेगळं पण आयपी तोच म्हटल्यावर कनेक्शन तेच. मॉड्यूल स्वतः बिल्ड करू नकोस, म्हणजे तुला जमेल, पण उद्या अपडेट आलं की तुझं मॉड्यूल जाईल आणि तू सुट्टीवर असशील तर तिथं कुणाला कळणार पण नाही काय झालं ते.

त्यापेक्षा सोपी वाट आहे. मॅच_सर्व्हर आणखी काय काय तपासतं ते बघ: डायलेक्ट (प्रोटोकॉलची आवृत्ती), नेटवर्क नेमस्पेस (कर्नलमधला नेटवर्कचा वेगळा कप्पा), पत्ता, पोर्ट, सिक्युरिटीचा प्रकार, आणि इको इंटरव्हल. शेवटचं धर. इको इंटरव्हल म्हणजे गप्प बसलेल्या कनेक्शनवर क्लायंट किती सेकंदांनी "जिवंत आहेस का" विचारतो ते, डिफॉल्ट ६०. बॅकअपच्या ओळीत इको_इंटरव्हल ६१ कर. कनेक्शनवर ६१ लिहिलेलं राहतं आणि ६० वाला माउंट कधीही आला तरी जुळत नाही, क्रम कुठलाही असो, दोन्ही बाजूंनी भिंत. एका सेकंदानं वागण्यात काही फरक पडत नाही. नोशेअरसॉक पण राहू दे.

एक गोष्ट मात्र जपून. तेच शेअर दोन ठिकाणी दोन वेगळ्या कनेक्शनवर माउंट करू नकोस. कनेक्शन वेगळं झालं की सुपरब्लॉक (माउंटची कर्नलमधली नोंद) पण वेगळा होतो, म्हणजे एकाच फाइलची कर्नलमध्ये दोन कॅश, आणि प्रत्येक कनेक्शन स्वतःचा वेगळा क्लायंट जीयूआयडी (ओळख क्रमांक) घेऊन सर्व्हरकडं जातं त्यामुळं सर्व्हरला ती दोन वेगळी मशीन वाटतात, मग एकाच बॉक्सवर बसून स्वतःचेच ओपलॉक (फाइल कॅश करायची सर्व्हरनं दिलेली परवानगी) तोडत बसायचं. तुझे तीन शेअर वेगवेगळे आहेत म्हणून तुला हरकत नाही.

सांबा सांभाळणारा

आणि माझं ऐका, ड्रिप फीड नेटवर्कवरच्या फाइलवरनं करूच नका. प्रोग्राम आधी बॉक्सच्या लोकल डिस्कवर कॉपी करा, साइज जुळली की मग मशीनला पाठवा. कनेक्शन कितीही चांगलं असलं तरी स्विच रीस्टार्ट झाला की टूल जॉबवर थांबणारच.

शिरोलीचा डीएनसीवाला

अपडेट देतो. ६१ केलं, काल रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर चार वेळा रीबूट करून बघितलं, डीबगडेटामध्ये चारही वेळा बॅकअप एकटा आणि बाकीचे दोघं एकत्र, एसएमबीस्टेटसमध्ये पीआयडी पण वेगळे. एकदा मुद्दाम बॅकअप आधी हातानं लावून मग प्रोग्राम लावला, तरी वेगळेच राहिले. आज संध्याकाळी सहाला आरसिंक सुरू असताना मशीनपाशीच जाऊन उभा राहिलो, फोल्डर लगेच उघडलं, प्रोग्राम न थांबता गेला. सेटरनं जॉबवरनं बोट फिरवून मान हलवली, माझ्यासाठी तेवढं पुरे.

लोकल कॉपीचं पण पटलंय सर, त्याची स्क्रिप्ट लिहायला घेतलीय, झाली की इथं टाकतो, कुणाला उपयोगी पडली तर पडली. ताई, तुमचे खरंच आभार, कनेक्ट.सी आता पूर्ण वाचणार आहे.

राजारामपुरी ते पुणे

छान झालं. रेफरन्स काउंटपासून (एखादी गोष्ट किती जण वापरतायत त्याची मोजणी) सुरुवात कर, कनेक्शन, सेशन आणि ट्री तिघांचे वेगळे काउंट आहेत, कोण कुणाला धरून ठेवतं ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आणि एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या वर कॉमेंट टाक, ६१ का आहे ते. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी चूक समजून ६० करून ठेवेल.

शिरोलीचा डीएनसीवाला

टाकली. मराठीतच लिहिलीय, या धाग्याच्या तारखेसकट.